वेदीसाठी काढलेलं चित्र वेदीवरच राहावं

निळीशाई

मत आधीच मांडते, म्हणजे ज्यांना खोडायचंय त्यांना सोपं जाईल. चर्चच्या वेदीसाठी काढलेलं चित्र, ते चर्च उभं असेल आणि तिथे अजून मिस्सा, म्हणजे ख्रिस्ती उपासनाविधी, होत असेल, तर तिथेच राहिलं पाहिजे. संग्रहालयात नेलेलं चित्र जगतं, पण अर्धं.

गेल्या ऑक्टोबरात पाच दिवस व्हेनिसला होते. त्यातल्या दोन दिवसांत हे मत पक्कं झालं, आणि त्याला कारण व्हेनिसचा जुना चित्रकार जोव्हान्नी बेल्लिनी याची दोन चित्रं.

पहिलं पाहिलं ते अकादेमिया संग्रहालयात. मूळचं सान जोब्बे या चर्चमधलं, पंधराव्या शतकाच्या शेवटच्या पंचवीस वर्षांतलं. उंची साडेचार मीटरच्या वर. उंच आसनावर मरिया, मांडीवर बाळ, पायाशी तीन देवदूत वाद्यं वाजवत बसलेले, दोन्ही अंगांना संत. आसनाच्या एका बाजूला म्हातारा जोब, दुसऱ्या बाजूला बाण लागलेला सेबास्टियन. प्लेगात लोक या दोघांचा धावा करायचे, आणि त्या काळात व्हेनिसला प्लेग नवा नव्हता. चित्राच्या दोन्ही कडांना कोरीव खांब रंगवलेत, वर कमानदार छत, मागे सोनेरी मोझेइकचा अर्धा घुमट. मी बराच वेळ समोर उभी होते. सुंदर आहे, त्यात शंकाच नाही. पण ते रंगवलेले खांब कशाला, हे काही कळेना. भिंतीवर टांगायच्या चित्रात एवढं बांधकाम कशासाठी?

दुसऱ्या दिवशी रेल्वे स्टेशनाजवळून चालत सान जोब्बेला गेले. ते चित्र ज्या दगडी चौकटीत बसवलेलं होतं ती चौकट अजून तिथे भिंतीत आहे. तिचे कोरीव खांब पाहिले आणि एकदम उलगडलं. चित्रातले खांब म्हणजे या दगडी खांबांची जोडी! चर्चच्या त्या बाजूची भिंत सपाट आहे, आत शिरलेलं चॅपल, म्हणजे छोटं प्रार्थनादालन, नाही. बेल्लिनीने रंगाने तिथे एक चॅपल उघडून दिलं होतं. गुडघे टेकलेल्या माणसाला वाटावं, भिंतीपलीकडे आणखी एक खोली आहे आणि मरिया तिथे बसली आहे. संग्रहालयात ती खोली गेली. तिचं दार इथेच राहिलं.

मग सान झक्कारिया. इथलं बेल्लिनीचं चित्र १५०५ चं, आणि जागेवर. म्हणजे मधे जाऊन आलेलं. १७९७ मध्ये नेपोलियनच्या माणसांनी ते पॅरिसला नेलं, तिथे रंगाचा थर लाकडावरून सोडवून कापडावर चढवला, आणि १८१६ मध्ये ते परत आलं. आत अंधार असतो. पेटीत नाणं टाकलं की दिवा लागतो, थोड्या वेळाने आपोआप विझतो. नाणं काढायच्या आधी मी तशीच बसून राहिले. डोळे सरावले तसा पहिल्यांदा दिसला तो आसनाच्या पायथ्याशी वाद्य छातीला लावून बसलेला देवदूत. मग जेरोमचा लाल झगा, हातात पुस्तक. मग अगदी कडेला, खांबापलीकडे, झाडं आणि आकाशाची चिंचोळी पट्टी. चित्रातलं ऊन डावीकडून येतं. कुणीच कुणाकडे बघत नाही, सगळे त्या एका देवदूताचं ऐकताहेत असं वाटतं. एक म्हाताऱ्या बाई आल्या, मेणबत्ती लावली, माझ्या पुढच्या बाकावर बसल्या. त्यांनी नाणं टाकलं नाही. त्यांना दिव्याची गरजच नव्हती.

तिसरं उदाहरण फ्रारीचं. फ्रान्सिस्कन बांधवांचं, म्हणजे संत फ्रान्सिसच्या पंथातल्या साधूंचं, हे विटांचं अवाढव्य चर्च. मुख्य वेदीवर तित्सियान या व्हेनिसच्याच चित्रकाराची 'आसुंता', मरियेचं स्वर्गोन्नयन. काम मिळालं १५१६ मध्ये, चित्र उघडं झालं मे १५१८ मध्ये. जवळजवळ सात मीटर उंच, फळ्यांवर रंगवलेलं. दारातून आत आलात की चर्चच्या मध्यावर गायकांसाठीची संगमरवरी आडभिंत आहे, १४७५ ची, तिला कमान आहे; आणि त्या कमानीतून लांबवर ते लाल वस्त्र दिसतं. एकेक पाऊल टाकाल तशी मरिया कमानीत वर चढते. वेदीच्या मागे उंच खिडक्या, त्यांचा उजेड थेट डोळ्यांवर. अशा ठिकाणी साधं चित्र काळं पडलं असतं. तित्सियानने त्या उजेडाशी टक्कर घेईल असा सोनेरी गोल तिच्या मागे रंगवला आणि खालचे प्रेषित, म्हणजे येशूचे शिष्य, मुद्दाम सावलीत ठेवले. हे गणित त्या खिडक्यांसाठी मांडलेलं आहे. तरी हेच चित्र एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला संग्रहालयात हलवलं गेलं आणि १९१९ पर्यंत तिकडेच होतं. शंभर वर्षं त्या खिडक्या आणि तो सोनेरी गोल एकमेकांपासून तुटलेले. परत आणता येतं, हेही त्यातून सिद्ध झालंच.

एक गोष्ट विसरू नका. ही वेदीवरची चित्रं संग्रहालयात गेली ती कुणी जपायला दिली म्हणून नाही. नेपोलियनच्या राज्यात मठ बंद केले, मालमत्ता जप्त केली, आणि त्यातली निवडक चित्रं अकादेमियात आली. त्या जप्तीला आपण आज जतन म्हणतो.

जुनीपोथी

ताई, मनापासून लिहिलंय तुम्ही, पण मला ते पटत नाही.

मी चाळीस वर्षं कागद, कापड आणि रंग यांच्या दुरुस्तीचं काम केलंय. हस्तलिखितं जास्त, चित्रं कमी. तुम्ही ज्या शहराचं उदाहरण घेतलंत त्याच शहरातली गोष्ट सांगतो. सांती जोव्हान्नी ए पाओलो या चर्चमध्ये तित्सियानचं 'शहीद संत पीटर' हे चित्र होतं, १५३० च्या सुमाराला पुरं झालेलं. युरोपभरचे चित्रकार ते पाहायला यायचे. 'आसुंता'च्या तोडीचं मानलं जायचं. त्यालाही नेपोलियनने पॅरिसला नेलं, तिथे लाकडावरून कापडावर चढवलं, आणि तेही १८१६ ला परत आलं. तुमच्या सान झक्कारियासारखंच. १६ ऑगस्ट १८६७ ला, मरियेच्या सणाच्या दुसऱ्या दिवशी, त्या चर्चच्या रोझरी चॅपलला आग लागली. मूळ वेदीवरून काढून ते तात्पुरतं तिथे ठेवलं होतं. बेल्लिनीचं एक मोठं वेदीचित्रही शेजारीच होतं. दोन्ही राख झाली.

परत आणलं नसतं तर आज पॅरिसच्या लूव्हर संग्रहालयात उभं राहून आपण ते पाहिलं असतं. चौकटीविना, कमानीविना, पण पाहिलं असतं. तुम्ही म्हणता अर्धं चित्र. अर्ध्या चित्राच्या अर्ध्या भागावर मी आयुष्य काढलंय. पोथीचं एक पान शाबूत राहिलं तरी आम्ही देव पावला म्हणतो.

दुसरं, मादोन्ना देल्लोर्तो चर्च. बेल्लिनीचीच लहानशी मरिया आणि बाळ. १९९३ च्या मार्चमध्ये चोरीला गेली, अजून मिळालेली नाही. तिच्या जागी तिचा फोटो लावलाय. त्या जागेचं पावित्र्य फोटोने टिकलं का, हे तुम्हीच सांगा.

आणि पाणी. ४ नोव्हेंबर १९६६ ला व्हेनिसमध्ये भरतीचं पाणी १९४ सेंटिमीटरवर गेलं. २०१९ च्या नोव्हेंबरात १८७. चित्र उंचावर असलं तरी खारट ओल भिंतीतून चढते, आणि लाकडाच्या फळीला ओल चढली की ती फुगते, सुकली की आकसते, रंग मात्र तेवढा ताणत नाही. तो सुटतो. मेणबत्तीची काजळी, माणसांच्या श्वासाची वाफ हे वेगळंच. 'आसुंता'ची अलीकडेच चार वर्षं दुरुस्ती चालली होती, २०१८ ते २०२२. ती कशाने झिजली असेल असं वाटतं तुम्हाला?

कुंचला

पोथीकाकांशी सहमत, कारण मात्र वेगळं. शाळेत चित्रकला शिकवते. मुलांना मी संग्रहालयातल्या चित्रांबद्दल शिकवू शकते, कारण ती चांगल्या उजेडात, जवळून, काचेमागून का होईना, दिसतात. सात मीटर उंच चित्रातला वरचा परमपिता खालून कुणाला दिसतो? त्याचा चेहरा मी पुस्तकातच पाहिलाय. आणि जिथे दर दोन मिनिटांनी नाणं टाकावं लागतं तिथे चित्र समजून घेणार कधी? माझ्या आईला गुडघ्यांमुळे पायऱ्या जमत नाहीत. संग्रहालयात लिफ्ट असते, बाक असतो, पाटी असते. चित्रं सगळ्यांची असतील तर सगळ्यांना दिसायला नकोत का?

वसईचा वारा

मी कॅथलिक. वसईतला. तीन वर्षांपूर्वी आमच्या धर्मग्रामातल्या गटाबरोबर इटलीची तीर्थयात्रा केली, फ्रारीलाही गेलो होतो.

निळीशाईताई, तुमचा निष्कर्ष मला मान्य, पण तिथे पोचायची वाट नाही. खांबाला खांब जुळतो, उजेडाला उजेड जुळतो म्हणून चित्र चर्चमध्ये हवं, हे झालं जाणकाराचं कारण. असा मेळ संग्रहालयातही घालता येईल. तशीच चौकट बनवा, तसाच दिवा लावा. मग तुमचं काय म्हणणं उरेल?

वेदीवर रोज काय होतं ते पाहा. फादर भाकर उचलतात, ख्रिस्तशरीर म्हणून. त्याच रेषेत वर पाहिलं की प्रेषित हात वर करून उभे, आणि त्यांच्या वर मरिया, सदेह स्वर्गात निघालेली. शरीर खाली, शरीर वर. आम्ही मिस्सा ऐकताना मान वर करतो तेव्हा तोच हात, तेच वर बघणं आमचंही होतं. त्या चित्रातले प्रेषित इतके मोठे आणि धसमुसळे का, यावरून तेव्हाच्या बांधवांनीही कुरकुर केली होती असं सतराव्या शतकातल्या एका चरित्रकाराने नोंदवलंय. ते मोठे आहेत कारण लांबच्या बाकावरच्या माणसालाही आपण त्यांच्यातलेच आहोत असं वाटायला हवं. हे वाटणं मिस्सेच्या वेळी होतं. तिकीट काढून फिरताना होत नाही, आणि मी खोटं कशाला बोलू, त्या दिवशी मलाही झालं नाही. गर्दी होती. संध्याकाळी मिस्सेला परत गेलो तेव्हा झालं.

कुंचलाताई, चित्र सगळ्यांना दिसायला हवं हे खरं. पण फ्रारीच्या बांधवांनी ते पैसे देऊन काढून घेतलं ते पाहायला म्हणून नाही, त्याच्याखाली उभं राहायला म्हणून.

मांडवीकाठ

जुन्या गोव्याचं सांगते, कारण आमच्याकडे ही दोन्ही रूपं हाकेच्या अंतरावर आहेत.

संत फ्रान्सिस आसिसीचं चर्च, फ्रारीसारखंच फ्रान्सिस्कनांचं. मुख्य वेदीच्या दोन्ही बाजूंना लाकडी फळ्यांवर संत फ्रान्सिसच्या जीवनातले प्रसंग रंगवलेत. इटलीतल्या उस्तादांच्या हातची नाहीत ती, पण आमची आहेत. तिथे आता नेहमीची मिस्सा होत नाही, आणि शेजारच्या मठात १९६४ पासून पुरातत्त्व खात्याचं संग्रहालय आहे. चित्रं जागेवरच आहेत. तरी आत गेलं की वाटतं, घरातली माणसं गावाला गेली आहेत. रस्त्यापलीकडे बॉम जेझूमध्ये मिस्सा चालते, आणि तिथे भिंती कितीही काळवंडल्या तरी घर भरलेलं वाटतं.

म्हणजे चित्र जागेवर ठेवलं एवढ्याने भागत नाही. निळीशाईने पहिल्याच परिच्छेदात 'तिथे मिस्सा होत असेल तर' असं लिहिलंय, ते मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं.

आता दुसरी बाजू. आमच्या ख्रिस्ती कलेच्या संग्रहालयाला मी अनेकदा गेले आहे. १९९४ मध्ये राशोलच्या सेमिनरीत सुरू झालं, नंतर जुन्या गोव्यात सांता मोनिकाच्या मठात आलं. हस्तिदंताच्या मूर्ती, चांदीची भांडी, भरतकाम केलेले फादरांचे झगे, चर्चांतून आणि घरांतून आलेले. यातलं किती तरी वाळवीने, पावसाने, चोरांनी नेलं असतं. गोव्याच्या चार महिन्यांच्या पावसात लाकडाचं काय होतं ते ज्याने पाहिलंय तो संग्रहालयाला जप्ती म्हणणार नाही. तिथे वस्तू आल्या त्या त्यांना जपणाऱ्यांकडूनच आल्या.

निळीशाई

पोथीकाका, १८६७ ची आग मला माहीत होती आणि ती मी लिहिली नाही. लिहायला हवी होती. माझ्या बाजूला सगळ्यात अडचणीची तीच आहे.

पण 'संग्रहालयात असतं तर वाचलं असतं' हेही नेहमीच खरं नसतं. चित्रकार काराव्हाज्जो या सगळ्यांच्या काळाच्या, रेनेसान्सच्या, जरा पुढचा, तरी त्याचं उदाहरण घेते. रोममधल्या सान लुईजी देई फ्रान्चेसी चर्चच्या वेदीसाठी त्याने संत मॅथ्यूचं चित्र काढलं, ते नाकारलं गेलं. मग १६०२ मध्ये दुसरं काढून दिलं. नाकारलेलं चित्र हातोहात फिरत शेवटी बर्लिनच्या संग्रहालयात गेलं. दुसऱ्या महायुद्धात त्या संग्रहालयाची चित्रं सुरक्षित म्हणून एका विमानवेधी बुरुजात हलवली. मे १९४५ मध्ये त्या बुरुजात आगी लागल्या आणि चारशेहून अधिक चित्रं गेली, त्यात हे मॅथ्यूही. आज त्याचे काळे-पांढरे फोटो उरलेत. वेदीवर बसवलेला दुसरा मॅथ्यू अजून वेदीवर आहे.

यावरून चर्च सुरक्षित असं मी म्हणत नाही. आग दोन्हीकडे लागते, एवढंच.

वारादादा, तुमचा प्रतिसाद मी तीन वेळा वाचला. मी ख्रिस्ती नाही, त्यामुळे भाकर उचलताना वर पाहणं मला सुचलंच नसतं. तुमचं कारण माझ्या कारणापेक्षा भक्कम आहे हे कबूल. फक्त एक. खांब जुळणं ही निव्वळ जाणकाराची हौस नाही. ते जुळतात म्हणूनच त्या म्हाताऱ्या बाईंना मरिया भिंतीपलीकडच्या खोलीत बसलेली वाटते. बेल्लिनीचं कसब त्यांच्याच कामी येतं, त्यांनी त्याचं नावही ऐकलेलं नसलं तरी.

मांडवीकाठ, राशोलबद्दल तुमचं बरोबर. 'जप्ती' हा शब्द मी सरसकट वापरायला नको होता. तो नेपोलियनपुरताच ठेवते.

लेणीप्रेमी

थोडं आपल्याकडचं. अजिंठ्याच्या चित्रांच्या नकला रॉबर्ट गिलने १८४० च्या दशकापासून वर्षानुवर्षं गुहेत बसून केल्या. त्या लंडनला नेऊन क्रिस्टल पॅलेसमध्ये मांडल्या आणि १८६६ च्या आगीत बहुतेक सगळ्या जळाल्या. मग मुंबईच्या कलाशाळेच्या ग्रिफिथ्सने विद्यार्थ्यांना घेऊन पुन्हा नकला केल्या, त्यातल्याही बऱ्याच १८८५ मध्ये लंडनच्याच संग्रहालयातल्या आगीत गेल्या. गुहेतली मूळ चित्रं, वटवाघळं आणि पाऊस सोसून, जागेवर आहेत.

अजिंठ्यात आता कुणी भिक्षू राहत नाहीत. तरी ती चित्रं कापून दिल्लीला न्यावीत असं आपल्यापैकी कुणी म्हणेल का?

जुनीपोथी

लेणीप्रेमी, भित्तिचित्र आणि वेदीचित्र यांत फरक आहे. भिंत हलवता येत नाही, म्हणून तिथे प्रश्नच उद्भवत नाही. फळी आणि कापड हलवता येतं, म्हणून निर्णय घ्यावा लागतो. आणि अजिंठ्याचं म्हणाल तर 'जागेवर आहेत' हे म्हणताना निम्मी भिंत कोरी आहे हेही म्हणा.

बर्लिनचं उदाहरण युद्धातलं आहे, ताई. युद्धात कुठलाच नियम टिकत नाही. मी शांततेच्या काळातल्या साध्या दिवसाबद्दल बोलतोय. साध्या दिवशी संग्रहालयात पहारेकरी असतो, आर्द्रता मोजायचं यंत्र असतं, रात्री कुणी मेणबत्ती पेटती ठेवत नाही.

पादुआकर

शिकायला पादुआत असतो, व्हेनिस अर्ध्या तासावर, म्हणून बराच फिरलोय. दोन गोष्टी.

सान जोर्जो माज्जोरे चर्चमध्ये तिंतोरेत्तोचं 'शेवटचं भोजन' मुख्य वेदीजवळच्या उजव्या भिंतीवर आहे, त्याच्या अगदी शेवटच्या वर्षांतलं. त्यात जेवणाचं मेज तिरकं, आत खोल गेलेलं. पुस्तकात समोरून छापलेला फोटो बघितला तर मेज उगाच कलल्यासारखं वाटतं. चर्चमध्ये तुम्ही ते कधीच समोरून पाहत नाही, बाजूनेच पाहता. बाजूने उभं राहिलं की ते मेज वेदीकडेच निघालेलं दिसतं. ते काढून संग्रहालयाच्या भिंतीवर समोर लावलं तर चित्र चुकीचं दिसेल. यात मी निळीशाईच्या बाजूने.

त्याच मठाच्या भोजनगृहात व्हेरोनेसेचं 'काना गावचं लग्न' हे बायबलमधल्या मेजवानीचं चित्र होतं. नेपोलियनने नेलं ते लूव्हरमध्येच राहिलं. २००७ मध्ये त्याच्या जागी एक हुबेहूब प्रत बसवली, पृष्ठभाग यंत्राने बारकाईने टिपून तयार केलेली. मी ती पाहिली. पॅरिसचं मूळही पाहिलंय, 'मोना लिसा'च्या समोर, लोकांच्या पाठींमधून. सांगायला जड जातं, पण मला प्रत जास्त भिडली. भोजनगृहाच्या खिडक्यांतला उजेड चित्रातल्या मेजवानीवर पडत होता, आणि ज्या खोलीत एकेकाळी मठवासी जेवायचे तिथल्या भिंतीवर जेवण चाललं होतं.

आणि पादुआतली एक सोय. जोत्तोने सुमारे १३०५ मध्ये रंगवलेलं स्क्रोव्हेन्यी चॅपल. तिथे थेट आत सोडत नाहीत. आधी काचेच्या बंद खोलीत पंधरा मिनिटं बसवतात, अंगावरची धूळ आणि ओल तिथल्या हवेत निवळते, मगच दार उघडतं, आणि आत ठराविक वेळ. चित्र जागेवर, हवा संग्रहालयाची. पोथीकाका, याला तुमची हरकत आहे का?

जुनीपोथी

पादुआकर, हरकत अजिबात नाही. उलट आमच्या धंद्यातलं ते आदर्श उदाहरण आहे. पण ती सोय एका चॅपलला आहे. व्हेनिसमध्ये जुन्या चित्रांची चर्चं डझनांनी आहेत, आणि प्रत्येकात मिस्सेला येणाऱ्या म्हाताऱ्या बाईंना आपण काचेच्या खोलीत पंधरा मिनिटं बसवणार का? वारा, तुम्हाला चालेल?

वसईचा वारा

नाही चालणार. देवाच्या दारात थांबवून धूळ झाडायला लावणं आम्हाला जमायचं नाही.

पण पादुआकर, प्रतीबद्दल तुम्ही म्हणालात ते विचार करण्यासारखं आहे. आमच्या घरी वेदीवर मरिया माउलीचं चित्र आहे, छापील, आजीने मुंबईहून आणलेलं, काच तडकलेली. आम्ही रोझरी, म्हणजे जपमाळेची प्रार्थना, त्याच्यासमोरच म्हणतो. प्रार्थनेला मूळ चित्र लागत नाही. तेव्हा पोथीकाकांनी मला विचारलं की मूळ संग्रहालयात ठेवू, प्रत वेदीवर लावू, चालेल का, तर श्रद्धेच्या बाजूने मला नाही म्हणता येत नाही. मनाच्या बाजूने म्हणतो. ज्या फळीवर पाचशे वर्षं लोकांनी डोळे लावले, ती फळी माझी वाटते.

जुनीपोथी

मग हाच माझा प्रश्न निळीशाईताईंना. तुमचा सगळा मुद्दा जागेचा आहे: चौकट, खिडकी, कमान, बाजूने दिसणं. हे सगळं चांगल्या प्रतीत येतं. पादुआकर तर म्हणतो जास्तच येतं. मग मूळ फळी धोक्यात ठेवण्याचं कारण काय उरलं? सांती जोव्हान्नी ए पाओलोमध्ये जळालेल्या तित्सियानच्या जागी त्याची जुनी प्रत लावलेली आहे. तुम्ही गेला असाल तर पाहिली असेल.

निळीशाई

पाहिली, काका. मुद्दाम गेले होते.

डाव्या बाजूच्या वेदीवर आहे. मोठी आहे, त्याच दगडी चौकटीत आहे. वरची झाडं, पळणारा सोबती, खाली पडलेला पीटर, आकाशातून उतरणारे छोटे देवदूत, सगळं आपापल्या जागी. उजेड कुठून पडत असेल, माणसं कुठे थांबून वर बघत असतील, ते कळतं. पंधरा मिनिटं बघत राहिले, आणि पूर्ण वेळ मी ते चित्र कसं असेल याचा अंदाज करत होते. ते चित्र पाहत नव्हते. झाडाच्या पानांत तित्सियानचा हात कसा फिरला असेल, कुठे त्याने बोटाने रंग ओढला असेल, ते प्रत करणाऱ्याने सांगितलेलं नाही, कारण त्याला ते सांगता येणारच नव्हतं. सान जोब्बेच्या चौकटीसमोर जे वाटलं तेच इथेही वाटलं, फक्त उलट्या बाजूने. तिथे जागा होती आणि चित्र नव्हतं. इथे चित्राची आठवण होती.

तेव्हा तुमच्या प्रश्नाचं उत्तर असं की मला दोन्ही हवं, आणि त्यासाठी धोका घ्यावा लागतो हे मला मान्य आहे. पण सरसकट नाही. तुमचं एवढं ऐकल्यावर माझं मत थोडं बदलतेय. मादोन्ना देल्लोर्तोमधल्या बेल्लिनीसारखं काखेत मारून नेता येईल असं लहान चित्र, जे चौकटीशी किंवा खिडकीशी बांधलेलं नाही, ते संग्रहालयात ठेवा आणि वेदीवर प्रत लावा; तिथे मी अडून बसणार नाही. 'आसुंता', सान झक्कारिया, फ्रारीच्या सॅक्रिस्टीतलं, म्हणजे फादरांच्या तयारीच्या खोलीतलं, बेल्लिनीचं १४८८ चं तीन फळ्यांचं चित्र, ज्याची सोनेरी लाकडी चौकट चित्रातल्या खांबांना जाऊन मिळते, ही मात्र हलवू नयेत. तिथे पैसा आगीच्या गजरावर, पहाऱ्यावर, भिंतीतल्या ओलीवर खर्च व्हावा. 'आसुंता'चं चार वर्षांचं काम चर्चमध्येच, तिच्या जागेवरच झालं. ती कुठेही गेली नाही.

सान जोब्बेचं काय, असं तुम्ही विचाराल. ते आता संग्रहालयात दोनशे वर्षं आहे. ते परत न्यावं का, यावर मी त्या दिवशी हो म्हटलं असतं. आज ठामपणे सांगता येत नाही.

जुनीपोथी

सान जोब्बे तिथेच राहू द्या, ताई. बाकीच्या यादीतल्या सान झक्कारियावर माझं तुमच्याशी अजून जमत नाही. त्या चर्चच्या तळघरात पाणी साचलेलं असतं, लोक त्याचे फोटो काढतात. ज्या इमारतीच्या पायात पाणी आहे तिच्या भिंतीवर मी १५०५ चं बेल्लिनी ठेवलं नसतं.

कुंचला

निळीशाई, पुढच्या वर्षी आईला घेऊन व्हेनिसला जायचं ठरतंय. फ्रारीला पायऱ्या किती आहेत आणि सॅक्रिस्टीपर्यंत चालवेल का, तेवढं सांग. आणि सान झक्कारियासाठी सुटी नाणी किती ठेवू?

निळीशाई

फ्रारीत आत शिरल्यावर बहुतेक सपाटच आहे, सॅक्रिस्टीपर्यंत सावकाश चालत जाल. वाटेत डाव्या हाताच्या भिंतीवर तित्सियानचं पेसारो घराण्याचं चित्र लागेल. मरिया त्यात मधोमध नाही, उजवीकडे सरकलेली आहे, कारण वेदीकडे चालत जाणाऱ्याला ते तिरकंच दिसतं. खाली कोपऱ्यातला मुलगा थेट आपल्याकडे बघतो. आईला त्याच्यासमोर थांबवा. सान झक्कारियासाठी चार-पाच नाणी पुरतील, पण आधी दहा मिनिटं तशाच बसा.

वसईचा वारा

आणि कुंचलाताई, आईंना जमलं तर फ्रारीला संध्याकाळच्या मिस्सेला न्या. मागच्या बाकावर कुणीही बसू शकतं.